सोळा तारखेची भरती

भागीरथीबाई आल्या तेव्हा मानसिंगराव चहात बिस्कीट बुडवत होते. बाईंचं पहिलंच वाक्य ऐकलं आणि ते बिस्कीट कपातच विरघळून गेलं.

"आमच्या म्हाताऱ्यानं सोताच्या वयनीला मारली, असं उद्या सरकार लिवनार हाय."

बोनकोड्यात इस्त्रीवाल्याच्या वरच्या मजल्यावर तेजश्री घोरपडेचं डिटेक्टिव्ह ऑफिस होतं. मानसिंग निकम तिचे शेजारी. तीस वर्षं विधिमंडळाच्या समिती शाखेत अहवाल टाइप करून ते निवृत्त झाले होते आणि घरी करमत नाही म्हणून इथे फायली लावत होते. ते अहवाल कुणी वाचत नाही, हे त्यांना तिसऱ्याच वर्षी कळलं होतं. उरलेली सत्तावीस वर्षं नुसती शुद्धलेखन सांभाळण्यात गेली.

"बसा मावशी. तुमचे यजमान काय करतात?" तेजश्रीने विचारलं.

"देवजी. खाडीच्या उघाडीवर रखवालदार हायेत."

"उघडीवर?" मानसिंगराव म्हणाले.

"उघडी नाय, उघाडी!" बाई चिडल्या. "बांधातला दरवाजा. भरतीला लावायचा, ओहोटीला खोलायचा. नाय लावला तर खाडी घरात येते."

आणि खाडी आलीच होती. गेल्या पावसाळ्यात अमावास्येच्या उधाणाला दरवाजा लागला नाही. देवजीची विधवा वहिनी गोजरा अंथरुणाला खिळलेली होती. ती खाटेवरच बुडाली. देवजी दारू पिऊन पडला होता, असं पालिकेच्या आपत्ती कक्षाचं म्हणणं. दरवाजा दोन वर्षं गंजून अडकला होता, असं देवजीचं. दुसऱ्याच दिवशी नवा दरवाजा बसला आणि जुना कळंबोलीच्या भंगारात गेला, तेव्हा पुरावा संपला. विधिमंडळाची आपत्ती सज्जता समिती उद्या पाहणीला येणार होती. तिने ठपका ठेवला की देवजीची नोकरी जाणार आणि वर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा.

"चार म्हयनं झालं, तो बोलत नाय," बाई म्हणाल्या. "मान खाली घालून बसतो. गोजरानं त्याला पोरासारखा वाढवलेला."

आपत्ती कक्ष थंडगार होता. भिंतीवर भलामोठा पडदा होता आणि त्यावर क्रिकेट चालू होतं. रजिस्टर मागितलं तर मिळालं. त्यात दर महिन्याची एक छापील चिठ्ठी डिंकाने चिकटवलेली, खाली तीन सह्या. पुराआधीच्या बारा महिन्यांच्या बारा चिठ्ठ्या. मानसिंगरावांनी गेल्या वर्षीच्या ऑगस्टची वाचली:

'शिफारस क्र. १७ नुसार. दि. १६. दुपारी १२.००. भरती पूर्ण. उघडीचे दार बंद करून चाचणी. दार सुस्थितीत.'

उरलेल्या अकरा चिठ्ठ्यांत महिन्याचं नाव तेवढं वेगळं. शिफारस क्रमांक सतरा. हा आकडा कुठेतरी भेटलाय असं मानसिंगरावांना वाटलं, पण आठवेना. शेवटच्या पानावर पुराची नोंद होती: 'जीवितहानी – एक.' गोजराचं नाव नव्हतं. मानसिंगरावांनी रजिस्टर मिटलं.

पहिली सही उदयसिंह यांची, कक्षाचे प्रमुख. मिशा तलवारकट, टेबलावर काजूची बशी.

"निकम? कोरेगावचे का? मग आपलेच की! काजू घ्या."

मानसिंगरावांनी घेतले नाहीत. असल्या 'आपलेच'ची त्यांना तीस वर्षं शिसारी होती.

"या चिठ्ठ्या कोण लिहितं?" तेजश्रीने विचारलं.

"क्लार्क. रूपेश. मी पन्नास कागदांवर सह्या करतो मॅडम, लिहीत बसलो तर झालंच. उद्या या तुम्ही. समितीसमोर उघडीवर लाइव्ह प्रात्यक्षिक ठेवलंय. बरोबर बाराला."

"बारालाच का?"

"सोळा तारीख ना. बाराला भरती. इथं रुजू झालो तेव्हापासून बघतोय."

दुसरी सही रूपेशची. किडकिडीत, गावातलाच. "माज्याकडं छापूनच येतं, मॅडम. मी डिंक लावतो नि सही करतो. कोन छापतो? हितेशशेठला इचारा, उघाडीचं मेन्टेनन्स त्यांच्याकडं हाय."

"बरं, उद्या भरती किती वाजता, सांगता येईल?"

रूपेशने मोबाइलकडे पाहिलंसुद्धा नाही. "उद्या नवमी. नवाची पाऊनपट पावनेसात. पावनेसातला भरती, सकाळी नि संध्याकाळी. आमच्याकडं पोरासोरांना येतं हे."

तिसरी सही हितेशची. बापाच्या भाताच्या खाचरावर इमारत उभी राहिली आणि हा ठेकेदार झाला. ऑफिसात गणपतीच्या शेजारी त्याच्या मंडळाचा मोठा फोटो टांगलेला: मांड्यांपर्यंत चिखलात उभी असलेली गोविंदांची टोळी, खो खो हसणारी.

"गेल्या वर्षीची दहीहंडी," हितेश खुशीत म्हणाला. "दुपारी बाराच्या ठोक्याला फोडली. अंगावरचं दही धुवायला पोरं खाडीत उतरली, तर पानीच नाय! चिखल फासून परत आली येडी."

"तारीख कुठली होती?"

"सोला ऑगस्ट. मागं लिवलेली हाय."

"आणि चाचणीच्या चिठ्ठ्या?"

हितेशचं हसू मावळलं. "उघाडीचे कागद हापिसातून येतात. आमी सही मारतो. समदेच मारतात."

"चाचणीला तुम्ही कधी गेला होतात?"

"टेन्शन देऊ नका मॅडम," म्हणून त्याने फोन उचलला. तो वाजलाही नव्हता.

खाली उतरल्यावर मानसिंगराव रस्त्यातच थुंकले. आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नव्हतं. "तिघेही एका माळेचे मणी. आता कुणाला धरायचं?"

"सह्या तिघांच्या, काका. पण लिहिणारा एकच आहे, आणि तो खाडीचा नाही," तेजश्री म्हणाली. "समितीपुढे साध्या माणसाला बोलता येतं का?"

"लेखी निवेदन दिलं आणि अध्यक्षांनी परवानगी दिली तर." निदान एवढं तरी त्यांना येत होतं. निवेदन त्यांनी स्वतःच टाइप केलं.

सोळा तारखेला बाराला बांधावर मांडव, गालिचा, पाण्याच्या बाटल्या आणि सात गाड्या. समितीच्या अध्यक्ष सुमित्राबाई मधल्या खुर्चीत होत्या. मांडवाच्या कडेला देवजी उकिडवा बसला होता. उदयसिंहांनी शिट्टी वाजवली, भोंगा झाला, नवाकोरा दरवाजा खाली आला.

दरवाजाच्या अलीकडे चिखल होता आणि पलीकडेही चिखलच. मधून एक खेकडा निवांत चालत गेला. आमदारांपैकी कुणीतरी फिसकन हसलं.

"पाणी कुठाय?" सुमित्राबाईंनी विचारलं.

"येईलच मॅडम. थोडं लेट असेल."

"संध्याकाळी पावणेसातला येईल," तेजश्री पुढे झाली. मानसिंगरावांनी निवेदन अध्यक्षांच्या हातात दिलं. त्यांनी ते चाळलं आणि मान डोलावून परवानगी दिली.

"देवजी म्हणतात दरवाजा गंजला होता, रजिस्टर म्हणतं धड होता," तेजश्रीने सुरुवात केली. "रजिस्टरमध्ये गेल्या वर्षी सोळा ऑगस्टला दुपारी बाराला पूर्ण भरती आहे. त्या दिवशी दहीहंडी होती. गोकुळाष्टमीचा दुसरा दिवस, म्हणजे नवमी. आजही नवमीच आहे. आज बाराला जे दिसतंय तेच तेव्हा होतं. हितेशशेठच्या फोटोत त्यांची पोरं त्याच वेळी चिखलात उभी आहेत. ती चाचणी झालीच नाही. आणि भरती रोज पाऊण तास पुढे सरकते, तर बाराही महिने ती सोळा तारखेला बाराला कशी येईल? बाराच्या बारा चिठ्ठ्या खुर्चीत बसून लिहिल्यात."

"कुणी?"

"रूपेश बोटांवर भरती मोजतो. त्याने असली चूक झोपेतही केली नसती. हितेशशेठने पाणी नसलेली खाडी भिंतीवर टांगलीय. शिवाय हे दोघं, गावातल्या सगळ्यांसारखे, 'उघाडी' म्हणतात. चिठ्ठीत बाराही वेळा 'उघडी' आहे. भरती तारखेने येते असं मानणारा आणि 'उघडी' म्हणणारा माणूस इथे एकच आहे. त्याने आज तुमच्यासाठी खुर्च्या मांडल्यात."

उदयसिंहांचा चेहरा लाल झाला. "शिफारशीत तेच आहे! मला पहिल्याच दिवशी सांगितलंही होतं! सोळा तारीख होती, बाराला भरती, याच जागी..."

"मीच सांगितलेलं सायेब," मांडवाच्या कडेने आवाज आला. देवजी उठून उभा राहिला होता. "त्या दिवशी अमावास्या व्हती. दरवाजा अडकलाय, ते पन तवाच सांगितलेलं. तुमी बारा वाजले तेवढं ध्यानात ठेवलं."

उदयसिंह खाली बसले. रूपेश रडायला लागला आणि सही कुणाच्या धाकाने केली ते भडाभडा सांगून मोकळा झाला. हितेशने मात्र वकिलाला फोन लावला, या वेळी खरोखरचा.

सुमित्राबाईंनी घड्याळ पाहिलं. पुढे जेवण होतं. त्यांनी लघुलेखकाला सांगायला सुरुवात केली, "रखवालदार देवजी यांच्यावर ठपका नाही. संबंधितांची चौकशी व्हावी. सुधारित शिफारस: शिफारस क्रमांक सतरामध्ये बदल करून यापुढे दर महिन्याच्या दहा तारखेला, दुपारी बारा वाजता..."

आणि मानसिंगरावांना आठवलं. दहा वर्षांपूर्वी, संध्याकाळचे सव्वापाच. 'दर महिन्याच्या ___ तारखेला भरतीच्या वेळी' असा मसुदा, तारखेची जागा कोरी. साहेब निघून गेलेले. त्यांनी स्वतःच 'सोळा' टाइप केलं होतं, वेळ 'बारा' घातली होती आणि घरी गेले होते. समुद्राला विचारावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. त्यांच्याही नाही. त्यांना इतका वेळ उदयसिंहांची किळस येत होती, ती आता स्वतःच्या बोटांपर्यंत आली.

"थांबा!" ते ओरडले. "ही ओळ लिहू नका. आधीची मीच टाइप केली होती. अशीच, घरी जायच्या घाईत."

लघुलेखकाने पेन उचललं. "मग काय लिहू?"

मानसिंगरावांनी उदयसिंहांच्या पुढ्यातला माइक उचलला आणि देवजीच्या हातात दिला.

देवजीने माइक आधी उलटा धरला, मग सरळ केला.

"तारखेच्या जागी अमावास्या नि पुनव लिवा," तो म्हणाला. "आनि रजिस्टरात मेलेल्यांचं ते 'एक' लिवलंय ना, तिथं गोजरा लिवा."

लघुलेखकाने अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी मान खाली घातली. तेव्हा त्याने लिहिलं.