दुताचा मुखवटा

राजाचं प्रेत गाड्यावरून दारातून बाहेर आलं. राणी त्यावर कोसळली, आणि उठली तेव्हा तिच्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या. डोंगरउतारावर बसलेल्या चौदा हजार अथेन्सकरांनी टाळ्या पिटल्या. मग रक्ताचा ओघळ पहिल्या बाकापाशी पोचला आणि टाळ्या थिजल्या.

नाटकात मारामारी मंचामागच्या घरात, आडोशाला होते. बाहेर येतं ते पेंढ्याचं प्रेत. आज गाड्यावर राजा झालेला नट टेलेसॉन खुद्द होता. गळा या कानापासून त्या कानापर्यंत उघडा.

नट दोनच. टेलेसॉनने आधी राजा व्हायचं, मग आत जाऊन मुखवटा बदलून दूत व्हायचं. दुताने हनुवटीला हात लावून राजाच्या खुनाची हकीकत अशी सांगितली, की मासळीवालेसुद्धा हमसून रडले. तो आत गेला. मागोमाग राणी झालेला निकारेतस गेला, आणि लगेच गाड्याबरोबर बाहेर आला. खुनी कोण, हे लोकांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी दगड उचलले.

"थांबा रे!" मुखवटे घडवणारा म्हातारा स्मिक्रॉन आडवा आला. एक दगड त्याचा कान फाडून गेला. त्याने निकारेतसच्या तोंडावरची राणी उतरवली.

"काका, मी नाही मारलं!"

"रडतोस काय? आत काय दिसलं ते बोल."

"गाडा निघालाच होता. वर राजा झाकलेला. मला वाटलं, पेंढा."

"दूत बोलत होता तेव्हा तू कुठे होतास?"

"त्याच्यासमोर! सगळ्यांनी पाहिलं."

"तालमीत तो हनुवटीला हात लावायचा?"

"कधीच नाही."

स्मिक्रॉन आत गेला आणि दुताचा मुखवटा घेऊन आला. कानातून रक्त गळत होतं, पण गडी खुशीत होता.

"हा मी टेलेसॉनच्या डोक्यावर ओलं कापड चिकटवून घडवलाय," तो उत्सवातल्या नाट्यस्पर्धेच्या अधिकाऱ्याला म्हणाला. "डोकं केवढं, तर भोपळ्याएवढं! त्याला हा घट्ट बसायचा. आजच्या दुताला मात्र तो घसरत होता, म्हणून हाताने धरावा लागला. तुम्हाला वाटलं, दुःख! टेलेसॉन तेव्हा आत मरून पडला होता. आणि हा पोरगा तुमच्यासमोर उभा होता."

"मग दूत कोण?"

"ते भाषण टेलेसॉनखेरीज कुणाला पाठ? ज्याने रचलं आणि तोंडी शिकवलं, त्याला."

सगळ्यांच्या माना कवी डेक्सियासकडे वळल्या. तीस वर्षं स्वतःच्या नाटकात तोच पहिला नट असे. यंदा शहराने त्याच्या जागी टेलेसॉन नेमला होता.

"मी प्रेक्षकांत होतो," डेक्सियास थंडपणे म्हणाला. "कुणालाही विचार."

अधिकारी घुटमळला. दगड पुन्हा निकारेतसच्या रोखाने वर झाले.

"असाल हो गुरुजी," स्मिक्रॉनने मान डोलवली. "नाहीतरी दूत वाईटच बोलला. टेलेसॉनच्या पासंगालाही पुरला नाही."

"वाईट?" डेक्सियासचा चेहरा तांबडालाल झाला. "गाढवा, सगळा डोंगर रडत होता! माझे शब्द त्या बोकडाच्या तोंडात घालता? बळी द्यायच्या सुरीने कापला त्याला, बोकडासारखाच!"

मग त्याला काय वाटलं कोण जाणे. तो मंचापुढच्या मैदानाच्या मधोमध गेला, हात पसरले आणि बाकांकडे पाहून खणखणीत आवाजात विचारलं, "खरं सांगा, कोण चांगलं बोललं?"

स्मिक्रॉनने निकारेतसला झग्याला धरून बाजूला खेचलं.

पहिला दगड परीक्षकांच्या बाकावरून आला.