हरणाबाईचा हात

सकाळी दहाला सोनियाने खोका उघडला, तर हार्ड डिस्कच्या जागी चिठ्ठी. छापलेली, एकाच ओळीची: ‘देवाला डाव्या हातानं भंडारा लावणारा पिक्चर इथं चालायचा न्हाई.’

खेळ चारला होता. तीन वर्षं आईच्या, म्हणजे हरणाबाईच्या, मेंढरांमागे कॅमेरा घेऊन हिंडून तिने हा सिनेमा केला होता. ज्या संगणकावर तो जुळवला तो गेल्या महिन्यात बंद पडला होता, म्हणून डिस्कवर होती तेवढीच प्रत. कवठे महांकाळच्या फिल्म क्लबात आजवर कोरियापासून इराणपर्यंतचे सिनेमे झाले होते. इथल्या माळावरचा हा पहिलाच.

तिने मनुबाईंना फोन लावला. मनुबाई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि क्लबातल्या सगळ्यात खवट समीक्षक होत्या. सबटायटल अर्धी सुटली तरी त्यांचं काही अडत नसे. माणसाचं तोंड खोटं बोलतं, हात बघा, असं त्या नव्या सभासदांना दरडावून सांगत. चौकशीच्या खोलीत शिकलेली ही विद्या सिनेमाला चपखल बसली होती.

क्लबाचे खेळ होत त्या देवस्थानच्या सभागृहात देवस्थानचे अध्यक्ष नानासो चिठ्ठी धरून बसले होते. चिठ्ठीतलं खरं असेल तर डिस्क सापडो न सापडो, क्लबाला सभागृह कायमचं बंद, असं त्यांनी सांगून टाकलं. लोकांचा संशय अर्थात त्यांच्यावरच होता. सिनेमा बघायलाही त्यांनी नकार दिला होता.

मनुबाईंनी वही काढली. परवाच्या चाचणी खेळाला त्यांनी लिहिलं होतं: ‘भंडारा. उजवा हात. नखात माती. सात मिनिटं एकही कट नाही. छाती दडपली.’ त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डोळ्यांनी त्यांना अजून तरी दगा दिला नव्हता.

चाचणीला माणसं मोजकीच होती. भिंतीला ओल आली म्हणून यंदा पहिल्यांदाच सभागृहाच्या मधोमध धोतराचं पांढरं कापड ताणलं होतं. पुढे सोनिया, मनुबाई आणि कडेगावचे प्राध्यापक वीरधवल सर. कापडामागे स्पीकर, आणि स्पीकरपाशी साउंडवाला रविराज.

मनुबाईंनी आधी नानासोंना धरलं.

“परवा कुठं होता?”

“मिरजेला, दाताच्या डाक्टरकडं.”

“मग चिठ्ठीतलं खरं कशावरनं?”

“लिवणारा देवाच्या बाबतीत खोटं कशाला लिवंल?”

हे उत्तर मनुबाईंना पटलं. लिहिणारा खोटं बोलत नव्हताच.

वीरधवल सरांचं त्या सिनेमाशी वाकडं होतं. सात मिनिटांचा शॉट एका मिनिटावर आणा, असा त्यांचा हट्ट होता, आणि मनुबाईंनी त्यांना लग्नाचे व्हिडिओ बघायला धाडलं होतं. हात कोणता, असं विचारल्यावर ते वैतागून म्हणाले की उजवा, सात मिनिटं दुसरं बघायला होतंच काय.

राहिला रविराज. पस्तिशीचा गडी, बिरदेवाच्या जत्रेत ढोल वाजवणारा.

“हरणाबाईनं भंडारा कंच्या हातानं लावला रं?”

“डाव्या.”

“चिठ्ठीत वाचलंस?”

“म्या सोता बघितलंय.”

मनुबाईंनी सोनियाला मोबाईलमधला आईचा फोटो प्रोजेक्टरवर लावायला सांगितला. उजव्या हातात काठी घेतलेली हरणाबाई कापडावर उभी राहिली. नानासो आणि रविराजला त्यांनी कापडामागे पाठवलं.

“काठी कंच्या हातात?”

“डाव्या,” दोघंही म्हणाले.

“आता म्होरं या.”

रविराज पुढे आला. बघितलं, परत मागे गेला, परत पुढे आला. त्याचा चेहरा उतरला.

“कापड पातळ हाय,” मनुबाई म्हणाल्या. “म्होरनं उजवा, मागनं डावा. सर म्होरं बसलेले, अध्यक्ष गावात न्हवते. डावा हात दिसल असा मानूस एकच. आजवर पिक्चर भिंतीवर व्हायचा, मागनं बघायची तुजी ही पैलीच येळ. ईचारलं असतंस तर भागलं असतं.”

रविराजने स्पीकरचं झाकण काढून आतली डिस्क सोनियाच्या हातात दिली. सांगली-पुण्याचे लोक येऊन आपल्या देवाला हसतील, हे त्याला सोसत नव्हतं. तो रडवेला झाला होता, आणि मनुबाईंना त्याचा राग आला तसं वाईटही वाटलं.

नानासोंनी सुस्कारा सोडला. “उजवाच हाय न्हवं? मग दाखवा. माजं काय म्हननं न्हाई.”

सगळे सुटल्यासारखे हलले. मनुबाईंना मात्र ही परवानगी टोचली. त्या काही बोलणार, तेवढ्यात मघाच खेळासाठी येऊन दाराशी टेकलेली हरणाबाई उठली.

“आवं अध्यक्ष, आन् डावा असता तर?”

तिने उजवं मनगट त्यांच्यापुढे धरलं.

“दोन सालामागं उजवं मनगाट मोडलं हुतं माजं. चार म्हैनं पलिस्तरात. तवा डाव्या हातानंच भंडारा लावला, डाव्या हातानंच कोकरं वडून काढली. द्येवानं कवा हात मागं सारला न्हाई. तुमी कोन सारनार?”

ती सरळ पहिल्या रांगेत गेली आणि अध्यक्षांसाठी मांडलेल्या खुर्चीत बसली. नानासो तिच्यासमोर आले. मग चपला काढून शेजारच्या सतरंजीवर बसले.

“सोने,” हरणाबाई म्हणाली, “लाव. आन् एक मिनीट बी कापू नगंस.”