बर्फाची पेटी आणि पुंगाटोल्याची शीव

चैत्रातल्या एका तप्त प्रभाती तीन माणसे एटापल्लीहून अरण्याच्या दिशेने मार्गस्थ झाली. पुंगाटोला नामक गावी तापाने झिजत चाललेल्या सोमारीला औषध पोहोचवावयाचे, आणि तेही पेटीतला बर्फ वितळण्यापूर्वी, हाच त्या प्रवासाचा एकमेव हेतू होता! सर्वांत पुढे सोमारीचा पती पत्रू, त्याच्या खांद्यावर निळी पेटी. मागे डॉक्टर दिव्यानी. शेवटी रक्त तपासणारा निकेश, अंगाने घामाघूम आणि तोंडाने अखंड बडबडत.

गतवर्षी पत्रू आणि सोमारी बिहारकडच्या वीटभट्टीवर कामास गेले होते. तेथील ओलसर मातीच्या भिंतींच्या भेगांत तिळाएवढी माशी राहते. ती चावते आणि रक्तात एक सूक्ष्म जंतू सोडून जाते, हे त्या बिचाऱ्यांना कोठून ठाऊक असणार? परतल्यावर सोमारीला ताप जडला. हिवताप समजून गोळ्या झाल्या, पुजाऱ्याचा अंगारा झाला, ताप हटेना. पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढून पोट फुगले, कांती काळवंडली. अखेर बाजाराच्या गावी भरलेल्या शिबिरात दिव्यानीने तिच्या बोटाचे रक्त कागदी पट्टीवर घेतले. दोन लाल रेघा उमटल्या. काळा आजार!

औषध दुरून मागवावे लागले. सोमारी सासूबरोबर गावी परतली, आणि पत्रू एटापल्लीच्या दवाखान्याच्या ओसरीवर वाट पाहत राहिला. रोज सायंकाळी तो आपल्या गावाकडच्या डोंगराकडे टक लावून बसे. आता ती चूल पेटवीत असेल, धूर डोळ्यांत गेला की चुलीलाच शिव्या घालीत असेल, असे काहीबाही मनात आणून तो एकटाच हसे. औषध आले त्याच दिवशी गावाकडून निरोपही आला. सोमारीच्या नाकातून रक्त येत होते.

"पत्रूभाऊ, जरा सावकाश!" निकेश ओरडला. "बायको तुमची हाय, पाय तं माहे हायेत ना!"

"बर्फ सावकाश नाई चालत, साहेब," पत्रू म्हणाला.

मध्यान्हीच्या सुमारास मार्ग मोहाच्या राईत शिरला. भूमीवर पिवळसर फुलांचा सडा पडला होता आणि त्याचा मादक गंध उन्हात दाटून राहिला होता. अकस्मात पत्रू थबकला. त्याने हात वर केला.

समोर अस्वल!

ते फुले खाण्यात मग्न होते. मागे दोन पिले. निकेशच्या पायाखाली काटकी मोडली. कड्! अस्वल मागल्या पायांवर उभे राहिले. गुरगुरले. आणि सरळ धावून आले!

"पळा!" पत्रू गरजला.

दिव्यानी डावीकडे वळली. निकेश एका दगडावर चढला. पत्रू पेटी छातीशी कवटाळून उतारावरून धावला, ठेचकाळला, गडगडत कोरड्या नाल्यात कोसळला. कोपर सोलले. पेटीचे झाकण उघडले. बर्फ वाळूत सांडला! अस्वल काठापर्यंत आले, क्षणभर फुत्कारले आणि पिलांची हाक ऐकून माघारी फिरले.

दिव्यानी आणि निकेश धावत नाल्यात उतरले. औषधाच्या कुप्या अभंग होत्या. बर्फ मात्र मूठभर उरला होता. पत्रूने हातांनी वाळू उकरली, खालचा ओलावा लागला तसा आपला गमछा त्यात भिजवून पेटीभोवती गुंडाळला.

"किती वेळ टिकंन, बाई?"

"ऊन कलेपर्यंत. फार तर," दिव्यानी म्हणाली.

तिघेही झपाझप चालू लागले. निकेशदेखील!

ऊन कलण्याच्या बेतात असताना पुंगाटोल्याची घरे दिसली तेव्हा पत्रूचे हृदय भरून आले. परंतु वाटेवर दोन खुंटांवर एक बांबू आडवा ठेवलेला होता आणि त्यामागे लालसू गायता, गावाच्या देवकार्याचा प्रमुख, उभा होता. बियाण्यांचा पंडुम, म्हणजे पेरणीपूर्वीचा सण, बसला होता! तो उठेपर्यंत शिवेबाहेरचा माणूस आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. नपेक्षा पेरणी रुसते, अशी तेथील पूर्वापार श्रद्धा.

"जोहार," गायता म्हणाला. "परवा या."

"परवा काय मातीले येऊ?" पत्रू कळवळला. "गायता, मी याच गावचा हाय!"

"हायेस. पण बाहेर हायेस."

पत्रूचे हात बांबूवर गेले. एक उडी, आणि तो सोमारीपाशी असता! पण आतल्या प्रत्येक घराची वर्षाची भाकर त्या बियाण्यात होती. त्याने हात मागे घेतले.

दिव्यानीने हलक्या स्वरात विचारले, "गायताभाऊ, औषध आत येऊ शकते?"

"मीठ येते, तेल येते. दवा काऊन नाई? पण तुमी नाई."

"सुई मलाच लावावी लागेल. तिचा हात बाहेर आला तर?"

गायता विचारात पडला. म्हातारे जमले, गोंडीत कलकलाट झाला. अखेर त्याने निवाडा दिला, "पाय जिथी, माणूस तिथी. हात येऊ द्या."

सासूने आणि शेजारणींनी सोमारीला खाटेसकट शिवेपर्यंत आणले. केवढी वाळली होती ती! बांबूखालून तिचा काळवंडलेला, काटकुळा हात बाहेर आला. दिव्यानीने कुप्यांतले औषध ग्लुकोजच्या बाटलीत मिसळले, बाटली फांदीला टांगली, आधी थोडेसेच सोडून लक्ष ठेवले, मग धार सुरू केली.

"पत्रूभाऊ, हात धरून बसा. हलला तर शीर निसटेल."

पत्रू धुळीत बसला आणि त्याने तो हात धरला. ज्या स्पर्शासाठी त्याचा जीव तळमळत होता, तो मनगटाएवढाच त्याच्या वाट्याला आला होता. तेवढ्याने तो स्तब्ध झाला. मुंग्या पायावर चढल्या, सोललेले कोपर ठणकले. तो हलला नाही. दरम्यान निकेशने भट्टीवर गेलेल्या इतरांची बोटे एकेक करून बांबूखालून मागवली. एका तरुणाच्या पट्टीवर दोन रेघा उमटल्या, आणि तोही वेळीच सापडला.

बाटली रिती झाली. सुई निघाली. "हात आत," गायता म्हणाला, आणि तो हात गेला. पत्रूची मूठ तशीच अर्धवट मिटलेली राहिली.

तिघांनी शिवेबाहेरच मुक्काम केला; सोमारीची खाटही आतल्या बाजूला बांबूशेजारीच राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सोमारीला दरदरून घाम फुटला आणि ताप उतरू लागला. नाकातले रक्त थांबले होते. सायंकाळी तिने डोळे उघडून चहूकडे पाहिले.

"काऊन रे, इतक्या दूर बसला? रुसला का?"

"शीव हाय, सोमारी," पत्रू म्हणाला.

"मले भूक लागली."

सासू रडतच आंबील आणायला धावली! एवढ्यात बांबूखालून हळूच एक हात बाहेर आला.

"ओ पोरी!" गायता गरजला. "सुई निघाली ना? हात काऊन बाहेर?"

"दवा बाकी हाय," सोमारी म्हणाली.

गायत्याने दिव्यानीकडे पाहिले. दिव्यानीने गंभीरपणे मान डोलावली. तेव्हा तो म्हातारा पाठ फिरवून डोंगराकडे बघत उभा राहिला, आणि बराच वेळ वळला नाही.