लाल फुलाचा मग

हेरबाईंच्या दारावर ‘खासगी तपास’ अशी पाटी होती आणि तिच्याखाली ‘चपला बाहेर काढाव्यात’ अशी त्याहून मोठी.

त्या सकाळी आलेल्या तरुणीने चपला काढल्या, खुर्चीत बसली आणि टॉवेलात गुंडाळलेले दोन मग टेबलावर ठेवले. एकावर पाच पाकळ्यांचं फूल होतं. दुसरा पांढराफटक.

“यावरही असंच फूल होतं,” ती म्हणाली. “परवा मी धुतला आणि फूल पाण्याबरोबर निघून गेलं. आज संध्याकाळी माझे सासरे घर सोडून चाललेत.”

“मगापायी?” मास्तरांनी विचारलं.

मास्तर म्हणजे हेरबाईंचे यजमान. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला, पण अजून रस्ता विचारल्याशिवाय त्यांना घर सापडत नसे. निवृत्तीनंतर ते बाईंचे मदतनीस झाले. मदत कोण कुणाला करतं, हा प्रश्न घरात कुणी काढत नसे.

“अहो, तिला बोलू द्या,” बाई म्हणाल्या.

“सासूबाईंनी रंगवला होता तो. चार वर्षं झाली. शेवटच्या वर्षी त्यांना नाद लागला होता. कोरे मग आणायचे, चिनी मातीवर रंगवायच्या पेनांनी रंगवायचे, ओव्हनमध्ये भाजायचे आणि घरच्यांना भेट द्यायचे. अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, माझा आणि नणंदेचा, असे तीन एकाच ट्रेमध्ये भाजले. दोन कोरे राहिले. त्यातला एक माझ्या नवऱ्यासाठी होता. तो तेव्हा नोकरीसाठी परगावी होता. ‘तो आला की त्याला विचारून काढीन’ म्हणाल्या. तो आला तो त्यांच्या आजारपणातच.”

मास्तरांनी फुलाचा मग उचलून चष्म्यापाशी नेला. “हे लाल फूल का? मला तर विटेसारखं दिसतंय.”

ती पहिल्यांदा हसली. “लावताना लालच असतं हो. भाजलं की बसतं, असं विटकरी होतं. सासूबाई म्हणायच्या, ‘मी लाल लावलंय, ओव्हनने काय केलं ते त्याला विचारा.’ त्या लालच म्हणायच्या, म्हणून आम्हीही लालच म्हणतो.”

हेरबाईंनी दोन्ही मग पालथे केले. फुलाच्या मगाच्या बुडाची खरखरीत कड घासून घासून मळकट झाली होती. कोऱ्या मगाची कड दुधासारखी होती. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं.

“हा तुमचा मग कशाने धुता?”

“घासणीने. रोज. याला काही होत नाही. अण्णांचा मग ते स्वतःच साध्या पाण्याने विसळतात, कुणाला हात लावू देत नाहीत. परवा त्यांना ताप होता, म्हणून मी गरम पाण्याने, साबणाने धुतला. घासणी लावलीच नाही, शपथ! पण कोण विश्वास ठेवणार? अण्णा म्हणाले, ‘तिची शेवटची खूण तू पुसलीस.’ माझे वडील लहानपणीच गेले. गेली चार वर्षं मी या माणसाला बाबा मानलंय. ते गेले तर परत यायचे नाहीत.”

तिचे डोळे भरून आले. मास्तरांनी तिला पाणी दिलं. ग्लासाऐवजी कोरा मगच भरणार होते, बाईंनी वेळीच काढून घेतला.

*

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दाराशीच एक भरलेली बॅग उभी होती.

अण्णा बैठकीत बसले होते. ते पूर्वी घड्याळं दुरुस्त करत. समोरच्या भिंतीवर पाच घड्याळं होती आणि पाचही एकच वेळ दाखवत होती.

“तपास कसला करताय?” ते म्हणाले. “पुसलं ते पुसलं. रोज सकाळी त्या लाल फुलाकडे बघत चहा प्यायचो. ती समोर बसल्यासारखं वाटायचं. आता काय उरलंय इथे?”

“मग भाजताना तुम्ही होता?”

“मी नाही तर कोण? तिला वेळेचं भान नव्हतं. थंड ओव्हनमध्ये ठेवायचे, मग तापवायचा, आणि गार झाल्याशिवाय दार उघडायचं नाही. मी खुर्ची टाकून पहारा द्यायचो. तीनही मग एकसारखे भाजलेत.”

“गेल्या आठवड्यात मगात काही वेगळं जाणवलं?”

“मगात नाही, चहात. सोमवारपासून कसलातरी उग्र वास यायचा. मला वाटलं, तोंडाची चव गेली. पुढे ताप आलाच.”

सुनेने सांगितलं, रविवारी सकाळी तिला कामावर जावं लागलं होतं. अण्णा जुन्या मित्राकडे गेले होते, ते जेवूनच परतले. घरात नवरा एकटा होता. संध्याकाळी नणंद येऊन गेली.

नणंद स्वयंपाकघरात उभी होती. वडिलांना न्यायला ती गाडी घेऊनच आली होती.

“आईचा तो मग मी मागितला होता, लपवत नाही,” ती म्हणाली. “मुलीने आईची वस्तू मागितली तर काय चुकलं? अण्णांनी दिला नाही. आता आईचं लाल फूलही गेलं आणि मगही गेला. अण्णा तरी माझ्याकडे येऊ देत.”

“तुम्हाला असं फूल काढता येईल?”

“बऱ्यापैकी. आईबरोबर मीही बसायचे. माझ्या घरी ओव्हन आहे, अजून कधीमधी कुणाला भेट द्यायला एखादा मग रंगवते. न भाजलेला रंग एका धुण्यात जातो, हे आम्हाला आईने पहिल्याच दिवशी शिकवलं.”

मास्तरांनी बाईंना कोपराने ढोसलं. ‘सापडली’ असा त्याचा अर्थ होता.

सिंकवर दोरीला भांडी पुसायचं फडकं वाळत होतं. त्यावर एक डाग होता, भाजक्या विटेच्या रंगाचा. बाईंनी तो नखाने खरवडून पाहिला. मग कपाटातलं सासूबाईंचं खोकं मागवलं. आत पेनं होती, सगळी कधीच वाळून गेलेली. आणि एक कोरा मग.

“दोन होते ना?”

“होते,” सून गोंधळून म्हणाली. “मी तर खोकं उघडलंच नाही इतक्यात.”

*

अण्णांचा मुलगा शेवटी भेटला. तो फर्निचरच्या दुकानात होता. माल गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी त्यावरचे ओरखडे बुजवायचे, हे त्याचं काम.

“या जेवणाच्या टेबलावर हातभर ओरखडा होता,” तो म्हणाला. “शोधून दाखवा.”

मास्तर लगेच वाकले. चष्मा काढला, घातला, टेबलाला नाक लावलं. ओरखडा काही सापडला नाही.

“रंग कसा जुळवता?” बाईंनी विचारलं.

“डोळ्याने. लाकूड आज जसं दिसतं तसाच रंग लावायचा. मूळचा कोणता होता, याच्याशी आपल्याला काय करायचंय? रंगाच्या बारक्या बाटल्या असतात माझ्याकडे, चाळीस छटांच्या.”

“आणि अण्णांचा मग?”

“मग म्हणजे मग. मी कधी नीट बघितलाही नाही.” “हिने मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. घासला असेल जोरात. ते विटकरी फूल, कडेला ती तपकिरी झाक, तसं पुन्हा कुणाला जमणार नाही, कबूल. पण त्यासाठी घर सोडायचं? दोन दिवसांत निवळेल सगळं.”

“संध्याकाळी ते निघतायत,” बाई म्हणाल्या.

मुलाने खाली बघितलं.

*

चार वाजता बाईंनी सगळ्यांना अण्णांच्या बैठकीत टेबलाभोवती बसवलं. मधे दोन मग, फडकं आणि खोकं.

“नणंदच ना?” मास्तर कुजबुजले.

“अहो, तुम्ही ओरखडा शोधा,” बाई म्हणाल्या, आणि बोलू लागल्या.

“पहिली गोष्ट. सूनबाईंनी अण्णांच्या मगावरचं फूल पुसलेलं नाही. कारण हा अण्णांचा मगच नाही.”

अण्णांनी मान वर केली.

“तीन मग एकत्र भाजले, अण्णांच्या पहाऱ्यात. त्यातल्या सूनबाईंच्या मगाला चार वर्षं रोज घासणी लागते, तरी त्यावरची एक पाकळी हललेली नाही. मग त्याचं भावंड एका साबणात कोरं कसं होईल? बुडं बघा. हे चार वर्षं वापरलेलं. आणि हे चार दिवसही धड न वापरलेलं. खोक्यातून एक कोरा मग गेलाय, तो हा. कुणीतरी त्यावर नकली फूल काढून अण्णांपुढे ठेवलं.”

“मी नाही!” नणंद म्हणाली.

“नाहीच. तुमच्याकडे कारण होतं, हातही होता. पण नकली फूल भाजलेलं नव्हतं, आणि न भाजलेला रंग एका धुण्यात जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही तो मग घरी नेऊन सावकाश भाजून आणला असता. चोरी उघडी पडेल असा मग कोण ठेवून जाईल? हा मग ठेवणाऱ्याला वाटलं होतं की फूल टिकेल.”

बाईंनी फडकं उलगडलं.

“आता हा डाग. धुतलेला रंग. लाल नाही, विटकरी. या घरात मग रंगवायला बसलेलं माणूस हातात काय घेईल? लाल. विटकरी ते ओव्हनमध्ये होतं. ज्याने सुरुवातच विटकरीने केली, त्याने फूल फक्त तयार झालेलं पाहिलं होतं. होताना कधी पाहिलं नव्हतं.”

भिंतीवरची घड्याळं तेवढी चालू होती.

“अण्णा ‘लाल फूल’ म्हणाले. सूनबाई म्हणाल्या. नणंदबाई म्हणाल्या. सकाळपासून घरातल्या एकाच माणसाने मला त्याचा दिसतो तो रंग सांगितला, कडेच्या तपकिरी झाकेसकट. आणि त्याआधी तोच म्हणाला होता की मग कधी नीट बघितला नाही. आज जसं दिसतं तसाच रंग लावायचा, हा त्याचा धंदा. रविवारी सकाळी तो घरात एकटा होता. आईची पेनं वाळलेली, म्हणून त्याने स्वतःच्या बाटल्या काढल्या. अण्णा, तुमच्या चहाला तापाचा वास नव्हता. फर्निचरच्या रंगाचा होता.”

सून नवऱ्याकडे वळली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता अजून. ती नुसती बघत होती.

“खरा मग तुमच्या हत्यारांच्या पेटीत असेल,” बाई मुलाला म्हणाल्या. “मोडलेलं टाकून देणाऱ्यातले तुम्ही नाही.”

तो उठला. पेटी आणली. चिंधीत सात तुकडे होते. फुलाची एक पाकळी कमी होती.

“हातातून सुटला,” तो म्हणाला. “चिकटवणार होतो, पण एक तुकडा सापडेना. लहानपणी कपबशी फुटली तर अण्णा आठवडाभर बोलायचे नाहीत. आणि हा तर आईचा मग. मला वाटलं, कुणाला कळणार नाही. मग हिच्यावर आलं, आणि… जीभच उचलेना.”

“परवापासून मी रडतेय,” सून म्हणाली. “तू शेजारी झोपला होतास.”

अण्णांनी तुकडे जवळ ओढले. घड्याळाच्या चाकांसारखे एकेक लावून पाहिले. बराच वेळ गेला.

“ती समोर बसल्यासारखं वाटायचं म्हणतो मी,” ते म्हणाले. “चार दिवस दुसऱ्याच फुलाकडे बघत चहा प्यालो. मला कळलं नाही.” मग ते सुनेकडे वळले. “पोरी, मला माफ कर. तुकडे याने केले, पण तुला मी दुखावलं.”

ती उठून त्यांच्यापाशी गेली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि काढला नाही.

नणंदेने गाडीची किल्ली उचलली. “मग मी निघू? रिकामीच जाते.”

“रिकामी कशाला?” अण्णा म्हणाले. “बॅग भरलेली आहे. याला घेऊन जा. कपडे माझे आहेत, सैल होतील. होऊ देत.”

मुलाने बायकोकडे पाहिलं. तिने जाऊन दार उघडून धरलं. तो बॅग घेऊन बाहेर पडला.

जिना उतरताना मास्तर एकदम थांबले. “अगं, पण दुकानातल्या टेबलावर ओरखडा कुठे होता?”

“मला तरी कुठे दिसला?” बाई म्हणाल्या.

*

पुढच्या रविवारी मास्तरांना नवीन लाल पेन आणायला पाठवलं होतं. दुकान समोरच्याच गल्लीत होतं, म्हणून त्यांना फक्त तासभर लागला.

अण्णांनी उरलेला कोरा मग सुनेपुढे ठेवला. त्यांचा चहा हल्ली साध्या स्टीलच्या पेल्यात असे. तुकडे त्यांनी घड्याळाच्या एका रिकाम्या पेटीत काचेमागे मांडले होते, पाकळीच्या जागेसकट.

“तुमच्यासाठी काढू ना, अण्णा?” तिने विचारलं. “तसंच फूल?”

“नको. हा माझा नाही. तिने त्याच्यासाठी ठेवला होता.”

ती जरा थांबली. मग तिने पेनाचं टोपण काढलं. फूल पूर्ण व्हायला बराच वेळ लागला. लालभडक झालं. तिने तो थंड ओव्हनमध्ये ठेवला आणि अण्णांनी आपली खुर्ची ओढून समोर पहारा धरला. काचेतून मास्तरही डोकावत होते. आत लाल हळूहळू बसत गेलं.

ओव्हन बंद केल्यावर फोन वाजला. नवऱ्याचा होता. तिने ऐकून घेतलं, मग फोनवर हात ठेवून अण्णांना म्हणाली, “विचारतोय, येऊ का.”

अण्णांनी ओव्हनच्या दाराला तळहात लावून पाहिला.

“सांग त्याला,” ते म्हणाले, “अजून गार झालं नाही.”