तस्नीमची चवळी हिरवी का?

एकाच पिशवीतलं बी, एकाच यंत्रानं दळलेली माती, पाणीही थेंब मोजून सारखंच. तरी तस्नीम मुलाणीची चवळी हिरवीगार आणि दुर्वा जगदाळेची हळदीसारखी पिवळी. हे असं का, या प्रश्नानं दुर्वाला बारा दिवस धड जेवू दिलं नव्हतं.

साल होतं दोन हजार एकसष्ट. साताऱ्याजवळच्या खडकवस्तीत दगड काढून काढून रिकामी झालेली एक खाण होती. त्या खड्ड्यावर काचेचं छप्पर घालून आत शेती करायची असं लोंढेआजींनी ठरवलं. लोंढेआजी मृदाशास्त्रज्ञ (मातीचा अभ्यास करणाऱ्या) होत्या आणि एकदा ठरवलं की मागे हटणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्या यंत्रानं काळ्या दगडाचं पीठ केलं, त्याचे चोवीस वाफे झाले आणि वस्तीतल्या चोवीस मुलांना एकेक वाफा मिळाला. नियम दोनच होते. बाहेरून कसलंही खत आणायचं नाही आणि बाहेरची मातीही आणायची नाही, कारण मातीबरोबर रोग येतात. वाफ्यांवर लक्ष ठेवायला खुरप्या नावाचा यंत्रमानव होता. नियम म्हणजे नियम, यापलीकडे त्याला काही कळत नसे.

ही मुलं खायच्या बाबतीत मोठी चोखंदळ होती. दर रविवारी काचेच्या छपराखाली त्यांची पंगत बसायची आणि ज्यानं त्यानं आपल्याच वाफ्यातलं काहीतरी रांधून आणायचं. चवळीच्या पाल्याच्या भाजीत लसूण किती घालावा यावर तिथे तासभर वाद चाले. दुर्वाच्या हाताला चव आहे, हे सगळ्यांनी कधीच मान्य केलेलं होतं आणि दुर्वालाही ते चांगलंच ठाऊक होतं.

पण गेल्या रविवारी तस्नीमनं पाल्याची भाजी आणली आणि पातेलं चाटूनपुसून साफ झालं. दुर्वाच्या पिवळ्या पाल्याची भाजी चोथा चोथा लागत होती. शेजारच्या वाफ्यातला आदिनाथ नेहमी दुर्वाजवळ बसायचा, त्यानंही आपलं ताट उचललं आणि तस्नीमशेजारी जाऊन बसला. दुर्वानं उरलेली भाजी घरी नेऊन एकटीनंच खाल्ली. सरळ सांगायचं तर तिला तस्नीमचा हेवा वाटत होता, इतका की तस्नीम हसली तरी तिच्या पोटात दुखायचं. आणि तस्नीम तर तिची पहिलीपासूनची मैत्रीण होती.

त्यात तस्नीम काहीतरी लपवत होती. तुझ्या वाफ्यात वेगळं काय आहे, असं दुर्वानं विचारलं की ती मान खाली घालायची आणि पाणी द्यायला निघून जायची. हिनं चोरून खत घातलं असणार, याबद्दल दुर्वाची आता खात्रीच पटली होती.

शनिवारी दुपारी सगळे जेवायला घरी गेले, तेव्हा दुर्वा मागे राहिली. तिनं तस्नीमच्या वाफ्यातलं एक रोप बुडाशी धरून उपटलं. मुळांना खताचा वासबीस काही नव्हता. पण मुळं गाठींनी भरून गेली होती. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, कुठे त्याहून मोठ्या.

रोग! दुर्वाच्या मनात पहिलं आलं ते हेच. आणि त्याबरोबर जो आनंद झाला त्याची तिला नंतर फार लाज वाटली, पण तेव्हा झाला हे खरं. तिनं रोप तसंच नेऊन खुरप्यासमोर धरलं.

खुरप्यानं डोळ्यांतल्या दिव्याचा झोत पाडून मुळं पाहिली. मुळांवर गाठी आहेत, सूत्रकृमीचा (मुळात शिरून गाठी आणणाऱ्या सुतासारख्या बारीक किड्यांचा) संशय आहे, सबब वाफा उपटून भट्टीत टाकण्यात येईल, असं त्यानं जाहीर केलं आणि तो कामाला लागलासुद्धा. रोगट वाफा जाळायचा असतो, हे दुर्वाला माहीत नव्हतं असं नाही. फक्त त्या क्षणी तिनं ते आठवू दिलं नव्हतं.

पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तेवढ्यात तस्नीम जेवून परत आली आणि धावत जाऊन खुरप्याच्या हातांना लोंबकळली. तो थांबला नाही, तिला हळूच बाजूला ठेवून त्यानं तिसरी ओळ धरली. तस्नीम खाली पडलेली रोपं ओढणीत गोळा करत होती आणि रडत होती. थांब म्हणून दुर्वाही त्याच्यावर ओरडली, पण खुरप्या मुलांचं ऐकत नसे. तो ऐकायचा फक्त लोंढेआजींचं, आणि त्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी महिनाभर साताऱ्याला होत्या. नशिबानं आदल्या संध्याकाळीच त्या घरी परतल्या होत्या.

दुर्वा खाणीच्या पायऱ्या चढून जी पळाली ती थेट आजींच्या ओसरीवर. धापा टाकत तिनं सांगितलं, तसं आजींनी मनगटावरच्या घड्याळातून खुरप्याला थांबवलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"मुळांवर गाठी आहेत हे तुला कसं कळलं?"

"मी उपटून बघितलं."

"दुसऱ्याच्या वाफ्यातलं? का गं?"

दुर्वाला दहा कारणं सांगता आली असती. तिनं खरं तेच सांगितलं.

"तिची माझ्यापेक्षा चांगली आली म्हणून. मला बघवत नव्हतं."

आजी उठल्या. काठी घेतली आणि दुर्वाच्या खांद्याचा आधार घेत एकेक पायरी उतरून त्या वाफ्यापाशी आल्या. दहा ओळींपैकी चार ओळी उपटलेल्या होत्या. आजींनी एक रोप हातात घेऊन एका गाठीला नखानं टिचकी मारली. गाठ टपकन सुटून तळहातावर पडली. सूत्रकृमीची गाठ अशी सुटत नाही, त्यात मूळच सुजलेलं असतं, त्या म्हणाल्या. मग त्यांनी ती गाठ नखानं कापली. आतून ती गुलाबी होती.

त्यांनी दोघींना वाफ्याच्या काठावर बसवलं आणि विचारलं, की पानं हिरवी व्हायला काय लागतं? नत्र लागतं, दुर्वा म्हणाली, शाळेत शिकवलंय.

"बरोबर. आता दगडाच्या पिठात लोह आहे, चुना आहे, पण नत्र जवळजवळ नाहीच. नत्र (आपल्या हवेत सगळ्यांत जास्त असलेला वायू) शंभरात अठ्ठ्याहत्तर भाग आपल्या अवतीभवती आहे. तरी तुझी चवळी उपाशी. घरात नारळांची रास आहे आणि फोडायला कोयता नाही, अशी तिची गत. कारण नत्राचे दोन-दोन अणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात, की झाडाला ते सोडवता येत नाहीत."

मग कोयता कुणाकडे असतो, असं दुर्वानं विचारलं. आजींनी ती गुलाबी गाठ तिच्या हातावर ठेवली. या गाठीत रायझोबियम (डोळ्यांना न दिसणारे, मातीत राहणारे जीवाणू) लाखोंनी राहतात. नत्राची जोडी फोडून झाडाला खाता येईल असं अन्न ते करून देतात. झाड काही फुकट घेत नाही. उन्हात बनवलेली साखर ते मुळांकडे पाठवतं आणि जीवाणू ती खातात. पण प्राणवायू जास्त झाला की या जीवाणूंचं काम बिघडतं, म्हणून झाड गाठीत एक लाल द्रव्य ठेवतं, आपल्या रक्तातल्या लाल द्रव्याच्या नात्यातलं. ते प्राणवायू मोजूनमापून आत सोडतं. गाठ गुलाबी असली की समजायचं, आत काम चालू आहे.

"मी हे जीवाणू प्रयोगशाळेतून मागवून चोवीसही वाफ्यांत घातले होते," आजी म्हणाल्या. "ते उन्हात उभ्या गाडीत शिजून मेलेले दिसतात. आणि हा आमचा खुरप्या पानं मोजतो, मुळं बघत नाही. मग तस्नीमच्या वाफ्यात हे आले कुठून?"

तस्नीमनं ओढणीतली रोपं घट्ट धरली.

"मी बी घरी नेलं होतं," ती म्हणाली. "अम्मी दरवर्षी पेरायच्या आधी बी गुळाच्या पाण्यात भिजवती आणि शेतातल्या मातीत घोळवून सावलीत वाळवती. मी पण तसंच केलं. बाहेरची माती आणायची नाय, हे माझ्या नंतर ध्यानात आलं. मग सांगायची भीती वाटली."

म्हणजे तस्नीमच्या घरच्या शेतात वर्षानुवर्षं चवळी पिकत होती, तिथल्या मातीत हे जीवाणू होते आणि बियांना चिकटून ते खाणीत उतरले होते. सांगायला हवं होतंस, असं म्हणून आजींनी तस्नीमला चांगलं झापलं. नियम रोग अडवायला केला होता, त्यानं मित्रही अडवले, हेही त्यांनी कबूल केलं. त्याच संध्याकाळी त्या मातीची तपासणी केल्यावर तिच्यात रोग नाही, अशी त्यांची खात्री झाली.

रविवारी पंगतीत दुर्वानं काहीच रांधून आणलं नव्हतं. सगळे बसल्यावर ती उभी राहिली आणि तस्नीमच्या चार ओळी आपल्यामुळे गेल्या, हे तिनं सांगितलं. हेवा हा शब्दही तिनं गिळला नाही. आदिनाथचा घास हातातच राहिला. मग ती तस्नीमकडे वळली.

"मला तुझ्या वाफ्यातली मूठभर माती देशील?"

मी तुझ्याशी अजून बोलणार नाही, असं तस्नीम म्हणाली. पण तिनं जेवण झाल्यावर माती दिली. एक मूठ नव्हे, ओंजळभर.

दुर्वानं नवं बी त्या मातीत घोळवून पेरलं. पाच आठवड्यांनी तिची चवळी इतकी हिरवी झाली, की खुरप्यानं दोनदा मोजणी केली. तोवर तस्नीम तिच्याशी थोडंथोडं बोलायला लागली होती, बहुतेक लसणावरून भांडायलाच. असेच वाफ्यातून वाफ्यात जीवाणू गेले तर दोन वर्षांत सगळी खाण हिरवी होईल आणि मग दुसऱ्या गावांच्या खाणी आहेतच, असा आजींचा हिशेब होता.

आणि एका सकाळी आदिनाथ दुर्वाच्या वाफ्याशी येऊन उभा राहिला. त्याची चवळी अजून पिवळीच होती. त्याला माती हवी होती.

दुर्वानं वाफ्यात हात घातला. आदिनाथ तिच्यापेक्षा मेहनती होता, त्याचं पीक आपल्यापेक्षा सरस येणार, हे तिला दिसत होतं. पोटात दुखलंच, अगदी पूर्वीसारखं.

"ओंजळ धर," ती म्हणाली, "मुठीनं भागायचं नाही."