टाळ्यांचे माईक

रविवारी सकाळी साउंडवाला बॅटऱ्या आणायला निघाला, तेव्हा तो चक्क शीळ घालत होता. बायकोने खिडकीतून पाहिलं आणि मुलीला म्हणाली, "बघ गं, तुझ्या बाबाला आज परत एकोणिसावं लागलंय!" यात खोटं काही नव्हतं. डोक्यावर टक्कल, गुडघे कुरकुरणारे, पण चाल पोरासारखी. बत्तीस वर्षांनी ते गायक गावात पुन्हा गाणार होते, आणि तेही याच्याच सभागृहात, याच्याच मिक्सरवर.

गायकांचं नाव जाऊ द्या. त्या वेळची पोरं त्यांना नुसतं 'वादळ' म्हणायची. खांद्यापर्यंत केस, गळ्यात गिटार, आणि आवाज असा की लाकडी भिंतीला टेकून उभं राहावं आणि तो पाठीतून ऐकू यावा. आता त्यांनी सत्तरी ओलांडली होती. डॉक्टरांनी जागरण बंद केलेलं, म्हणून कार्यक्रम दुपारी चारला होता. "वादळ चारला येणार आणि सातला गोळ्या घेऊन झोपणार," मुलगी म्हणाली. बापलेक दोघंही खो खो हसले.

मुलगी त्याच सभागृहात दिव्यांवर होती, तीन वर्षं झाली होती तिला. छताखाली, प्रेक्षकांच्या डोक्यावर, एक अरुंद लोखंडी माळा होता. तिथे उभं राहून ती तो मोठा गोल दिवा गायकाच्या मागे मागे फिरवायची. कमरेला पट्टा, पट्ट्याच्या आखूड साखळीची कडी कठड्याला अडकवलेली. ती वर असली की साउंडवाला कधी वर बघायचा नाही. लोकांना वाटे, कामात गर्क आहे. खरी गोष्ट अशी, की वर उभं असलेलं माणूस त्याला बघवायचंच नाही.

बाराच्या सुमारास दोघांनी मिळून टाळ्यांचे माईक टांगले. म्हणजे काय, ते सांगतो. हल्ली गायक कानांत हेडफोनची छोटी बोंडं घालून गातात. त्यांना वाद्यं ऐकू येतात, पण समोरची माणसं ऐकू येत नाहीत. म्हणून प्रेक्षकांच्या डोक्यावर दोन माईक सोडायचे आणि लोकांच्या टाळ्या गायकाच्या कानात पोचवायच्या. माळ्याच्या कठड्याला दोरी बांधून मुलीने दोन्ही माईक खाली सोडले.

"कार्यक्रमात हे माईक स्पीकरचा आवाज पकडून शिट्टी मारायला लागले, तर मी खालून खूण करीन," साउंडवाला म्हणाला. "हात वर केला, की दोरी वर ओढायची. हात खाली घेतला, की बास."

बोलून गेला आणि चपापला. ही खूण त्याने बत्तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. आजच कुठून तोंडात आली कोण जाणे.

"कळलं," मुलगी वरून म्हणाली. "हात वर म्हणजे वर. फार अवघड आहे बाई!"

दोन वाजता गायक आले. गळ्याला मफलर, नाकावर चष्मा, एका हाताला ड्रायव्हरचा आधार. बत्तीस वर्षं ज्याची गाणी मनात म्हटली, तो माणूस जिन्याची एकेक पायरी मोजत चढत होता. रंगमंचावर आल्यावर मात्र ते हसले आणि म्हणाले, "साउंडवाले, टाळ्या नीट ऐकू येऊ द्या हं. नाहीतर विहिरीत गातोय असं वाटतं मला."

"हो सर. तुम्ही काळजीच करू नका."

दारं बंद झाली. दिवे मंद झाले. रिकामं सभागृह, खुर्च्यांच्या जुन्या कापडाचा वास, कुठेतरी पंख्याची घरघर. साउंडवाल्याने हेडफोन कानावर चढवला आणि एकेक माईक उघडून तपासायला सुरुवात केली. गिटार ठीक. ढोल ठीक. शेवटी त्याने टाळ्यांचा माईक उघडला.

हेडफोनमध्ये गर्दी होती.

हजारो माणसांचा तो लांबवरचा कालवा, मैदानात असतो तसा. मध्येच कुणाची तरी आरोळी. त्याने मान वर केली. समोर नऊशे रिकाम्या खुर्च्या. 'तार कुठेतरी रेडिओ पकडतेय,' त्याने स्वतःला समजावलं. तेवढ्यात त्या कालव्यातून, माईकला अगदी तोंड लावून, कुणीतरी धापा टाकत विचारलं,

"आता?"

साउंडवाल्याने झटक्यात माईक बंद केला. रंगमंचावर गायकांनी कानातलं बोंड काढून हातात धरलं होतं.

"वर कुणी मुलगा आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही सर... कुणी नाही."

"काहीतरी विचारत होता. दमलेला वाटला, बिचारा."

आता मागचं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

बत्तीस वर्षांपूर्वी ही मैफल मैदानावर झाली होती. साउंडवाला तेव्हा एकोणीस वर्षांचा, आणि त्याचा जिवलग मित्र काडी. नाव काहीतरी दुसरंच होतं, पण अंगाने असा, की वाऱ्याने उडेल, म्हणून काडी. दोघांनी ठरवलं, गाणी चोरून टेप करायची. टेपरेकॉर्डर याच्याकडे, आणि लांब तारेचा माईक काडीकडे. मैदानाच्या मागच्या बाजूला दिव्यांचा लोखंडी मनोरा होता. गर्दीचा आवाज येऊ नये म्हणून काडी माईक घेऊन त्यावर चढला आणि हा खाली हेडफोन लावून उभा राहिला. काडीने माईकमध्ये विचारायचं, "आता?" याने हात वर केला, तर आणखी वर चढायचं. हात खाली घेतला, तर बास, तिथेच थांबायचं. याच्या मनगटावर वडिलांचं स्टीलचं घड्याळ होतं, ढिलं. हात वर केला की ते सरकत कोपराजवळ जायचं. अंधारात काडीला तेच चमकताना दिसायचं.

"आता?" हात वर. "आता?" हात वर. मग वादळाने खिडकीवरचं ते आपलं गाजलेलं गाणं सुरू केलं, आणि आवाज असा स्वच्छ आला की काय सांगू. याने डोळे मिटले. डोलायला लागला. हात खाली घ्यायचाच विसरला.

काडीने आणखी दोनदा विचारलं होतं. ते याने ऐकलंही होतं. पण गाणं इतकं गोड, की त्याला वाटलं, थांब रे, या कडव्यानंतर. त्याचा हात तसाच वर, गाण्याबरोबर हलत राहिला. मग हेडफोनमध्ये एक हिसका बसला आणि पुढे काहीच आलं नाही.

काडीला पोचवून आल्यावर त्याच्या आईने याला एकच विचारलं होतं. "बाळा, तो आपणहून चढला का रे?" आणि हा म्हणाला, "हो काकू. आपणहूनच चढला." त्या रात्री त्याने टेप जाळली. घड्याळ खणात टाकलं, ते पुन्हा मनगटावर चढलं नाही. काकू गेल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. हे त्याने बायकोला सांगितलं नव्हतं, मुलीला तर नाहीच.

साडेतीनला तो माळ्याच्या शिडीपाशी गेला. मुलगी हातमोजे चढवत होती.

"आज तू वर जाऊ नकोस. दुसऱ्या कुणाला तरी पाठवू."

"का?"

"का म्हणजे... लोखंड दमट आहे. घसरेल."

"बाबा, काहीतरीच काय! तुझ्या वादळावर दिवा धरायला मिळतोय, आणि मी खाली बसू?" तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालंय? चेहरा बघ कसा झालाय तुझा."

सांगायचं ते ओठांवर आलं होतं. एक वाक्य बोलला असता, तर ती थांबली असती. पण इतक्या वर्षांचं खोटं, ते एकदम कुठे सोडवतं? "कडी लावल्याशिवाय हलायचं नाही," एवढंच तो म्हणाला. "आणि माईक शिट्टी मारू देत नाहीतर बोंबलू देत, मी खूण करणार नाही. दोरीला हातच लावू नकोस. शपथ आहे."

"बरं बाबा बरं," म्हणत ती चढलीसुद्धा.

चार वाजता सभागृह खच्चून भरलं. सगळी पन्नाशी-साठीची मंडळी, पोटं सुटलेली, पण ओरडणं कॉलेजातलं. पहिली दोन गाणी गायकांचा आवाज चाचपडत होता. साउंडवाल्याचे दोन्ही हात मिक्सरवर घट्ट होते, जसे काही कुणी बांधून ठेवलेत. टाळ्यांचे माईक त्याने बंदच ठेवले होते. आणि मग खिडकीवरचं गाणं सुरू झालं.

आवाज बदलला. सत्तरीच्या त्या गळ्यातून तोच जुना आवाज निघाला, तिशीतला, करकरीत. शेजारच्या खुर्चीतल्या बाई तोंडावर हात ठेवून रडायला लागल्या. साउंडवाल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि पापण्या आपोआप मिटायला लागल्या.

"आता?"

माईक बंद होता. तरी हेडफोनमध्ये ते स्पष्ट आलं. त्याने डोळे ताडकन उघडले.

"आता?..."

बत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने वर पाहिलं.

मुलगी कठड्याच्या दुसऱ्या आडव्या पाइपवर चढली होती. दोरी ओढत होती, आणखी ओढायला पुढे झुकली होती. पट्ट्याची मोकळी कडी तिच्या पायाशी लोंबत होती. आणि ती खाली बघत होती, मिक्सरकडे, त्याच्याकडे, खूण कधी थांबते त्याची वाट बघत.

तो कसा धावला, शिडी कशी चढला, गुडघ्यांचं काय झालं, त्याला काही आठवत नाही. मागून दोन्ही हातांनी त्याने तिला कठड्यावरून ओढलं आणि दोघं माळ्याच्या जाळीवर आदळले. दिवा सुटून छताकडे वळला. रंगमंचावर अंधार झाला. गायक मात्र थांबले नाहीत. अंधारात तो तरुण आवाज गातच राहिला.

बाहेर जिन्यात बसवून त्याने तिला पाणी दिलं. तिचे दात वाजत होते.

"तुला शपथ घातली होती ना गं! दोरीला हात लावू नकोस म्हणून..."

"पण तूच खूण करत होतास!"

"माझे हात मिक्सरवर होते."

"बाबा, मी काय आंधळी आहे? सारखा हात वर करत होतास. खाली घेतच नव्हतास. मला वाटलं, काहीतरी मोठी भानगड झालीय. कडी पुरेना, म्हणून काढली." ती रडायला लागली. "घड्याळ चमकत होतं तुझं, म्हणून तर एवढ्या अंधारात दिसलं..."

साउंडवाल्याने आपलं उघडं मनगट तिच्यापुढे धरलं. आणि मग तिथेच, पायरीवर बसून, त्याने तिला सगळं सांगितलं. काडी, मनोरा, हात, काकू. सांगताना तो पोरासारखा हुंदके देत होता. ऐकून झाल्यावर तिने त्याचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं. आत टाळ्यांचा कडकडाट चालला होता.

छातीवरचं ओझं उतरल्यासारखं त्याला वाटलं. संपलं, असंच वाटलं.

सोमवारी सकाळी टाळ्यांचे माईक उतरवायचे होते. आता मुलीला वर पाठवायचा प्रश्नच नव्हता. "मी चढतो," तो म्हणाला. "तू खाली मिक्सरपाशी थांब." खिडक्यांचे पडदे सरकवलेले, उन्हाच्या तिरिपी खुर्च्यांवर पडलेल्या, आणि दारात झाडूवाली गुणगुणत होती. भिण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. त्याने कमरेला पट्टा बांधला, कडी लावली, दोनदा ओढून पाहिली.

पहिला माईक सहज निघाला. दुसऱ्याची दोरी मात्र इतकी वर ओढलेली होती, की कठड्याची गाठ थेट त्याच्या डोक्यावरच्या तुळईला गेली होती. काल मुलीने एवढी ओढली नव्हती. एवढी तिच्या हातून ओढलीच गेली नसती. गाठ सोडायला कठड्यावर पाय द्यावा लागणार होता. कडी तिथवर पुरत नव्हती.

"राहू दे तो माईक!" त्याने खाली ओरडून सांगितलं. "मी उतरतोय!"

"उतर, उतर!" मुलगी म्हणाली.

उतरायला त्याने कडी सोडली आणि एकदा खाली पाहिलं. मुलगी मिक्सरपाशी उभी होती. तिचे दोन्ही हात खाली होते, मुद्दाम, अंगाला चिकटवून धरलेले.

तिच्या शेजारी, कानाला हेडफोन लावून, एक एकोणीस वर्षांचा पोरगा डोळे मिटून डोलत होता. त्याचा हात वर होता. घड्याळ सरकून कोपरापाशी आलं होतं.

आणि साउंडवाल्याचा पाय कठड्यावर होता. तो कधी ठेवला, त्याला ठाऊक नव्हतं. तोंडाशी लोंबणाऱ्या त्या माईकमध्ये त्याच्याच आवाजात कुणीतरी विचारलं,

"आता?"