सवतीचा टाक

अंबरनाथच्या इतिहास मंडळाला घरातल्या जुन्या वस्तू द्यायच्या, त्या दुपारी एवढंच काम होतं. आईचा कुंकवाचा करंडा, तिच्या लग्नाचा फोटो आणि टाक. करंडा आणि फोटो नावालाच. मला तो टाक मांजर्लीच्या घराबाहेर काढायचा होता.

आई गेल्यावर बाबांनी अंजनीमावशीशी लग्न केलं, आणि विठाआत्याने आईची चांदीची छोटी प्रतिमा घडवून मावशीच्या गळ्यात बांधली. सवतीचा टाक. नवी साडी आधी त्याला लावायची, पहिला घासही त्यालाच. इतकी वर्षं वरणभात, कालवण, श्रीखंड त्या चांदीवर फासलं जात होतं. मावशीजवळ बसलं की आंबूस वास यायचा. टाकाखालची कातडी सोलवटून पिकली होती. आणि मावशी खंगत चालली होती.

"दोन घासांत पोट भरतं गं," ती म्हणायची. "जेवतं दुसरंच कुणीतरी..."

"माझी आई हावरट नव्हती," मी आत्याला सुनावलं. "तुम्ही तिला भूत करून ठेवलंत."

"कॉलेज शिकलीस म्हणून जास्त शहाणपणा नको. द्यायचाच तर नैवेद्य दाखवून दे. उपाशी काढू नको तिला."

"उपाशी? शी! शिसारी येते मला तुमच्या बोलण्याची."

मावशी जेवायला बसायच्या आतच मी तिच्या गळ्यातून टाक काढला. रिक्षात पडायला नको म्हणून त्याचा दोरा माझ्याच गळ्यात अडकवला. अंबरनाथ येईपर्यंत खरकट्याचा वास नाकातून हटेना. एवढ्या उकाड्यात चांदी गारच होती. गार आणि चिकट.

मंडळाच्या खोलीत मी टाक गळ्यातून काढून दिला, तिथल्या राजेंद्र सरांनी तो कापसाने पुसला. तोंडाच्या खाचेतून काळपट लगदा निघाला. पुन्हा पुसला, पुन्हा निघाला. तिसऱ्यांदा पांढरं काहीतरी आलं.

"आज जेवण लावलं होतं का याला?"

"नाही... आज कुणी जेवलंच नाहीये अजून."

त्यांनी कापूस बोटांत दाबून पाहिला.

"भात आहे," ते हळूच म्हणाले. "अजून गरम आहे..."

मी उठले. "ठेवून घ्या," म्हटलं आणि निघालेच.

घरी मावशी जेवत होती. डोळ्यांत पाणी, गालात पोळी.

"तेजू, तिसरी पोळी चाललीये माझी! हसू नको हां."

मी जिंकले होते. तिच्या शेजारी ताट घेऊन बसले, वरणभाताचा घास उचलला. हात तोंडाकडे गेलाच नाही. गळ्यापाशी गेला, मघाशी टाक टेकला होता तिथे. बोटांनी सगळा भात तिथे चोळला.

"अगं... हे काय करतेस?"

शीतही खाली पडलं नाही. गळ्याच्या खळग्यात काहीतरी ओलं, खरखरीत फिरलं. सावकाश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, चाटूनपुसून.

मावशीने माझा उजवा हात घट्ट धरला.

माझा डावा हात तोवर ताटात उतरला होता. पुढचा घास कालवत.